एका मांडीवर एकच बाळ

विमान कंपनीच्या फोनवरच्या मुलीनं मला तेच तीनदा सांगितलं. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ. जुळी असली तरी एकच. मी म्हटलं, दोघंही दहा महिन्यांची आहेत, अंगानं बारीक आहेत, एकाला मांडीवर आणि एकाला पुढे बांधायच्या झोळीत घेईन. ती शांतपणे म्हणाली, झोळी उड्डाणाच्या वेळी काढावी लागते. बरोबर दुसरं मोठं माणूस लागेलच.

दुसरं मोठं माणूस आईच असणार होती. बाळंतपणासाठी मी हैदराबादहून धुळ्याला माहेरी आले होते आणि जुळ्यांमुळे मुक्काम लांबत गेला होता. आता माझी रजा संपत आली होती. जळगावहून हैदराबादला छोटं विमान जायचं, त्यानं आई आणि मी एकेक बाळ घेऊन जायचं असं ठरलं होतं. निघायला आठ दिवस राहिले आणि आई मागच्या अंगणात भांडी विसळताना घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं.

त्या संध्याकाळी घरात नावं निघायला लागली. नवऱ्याला त्याच आठवड्यात सुट्टी मिळत नव्हती. भाऊ परीक्षेच्या ड्युटीवर अडकलेला. मामी येते म्हणाली, पण तिची सून तिकडे अवघडलेली. शेजारच्या काकूंचंही नाव निघालं. वडिलांचं, म्हणजे नानांचं नाव मात्र कोणी काढलं नाही. ते झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत होते.

नाव न काढण्यात कुणाचा राग किंवा रुसवा नव्हता. नानांनी नातवंडांना उचलून घेतलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं, एवढंच. पाळण्याची दोरी ते तासन्‌तास ओढायचे. दुपटी घडी करून ठेवायचे. दुधाच्या बाटल्या उकळायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं आणि ते घड्याळ लावून करायचे. पण बाळ हातात द्यायला गेलं की म्हणायचे, राहू दे, माझा हात आता पहिल्यासारखा नाही. आणि खरंच, निवृत्तीनंतर त्यांचा डावा हात थोडासा थरथरायचा. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे.

सगळी नावं संपल्यावर नाना झोपाळा थांबवून म्हणाले, "मी जातो ना."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग आईच म्हणाली, की दीड तास मांडीवर धरून बसावं लागेल, मध्ये कुठे उतरवता येणार नाही. नाना म्हणाले, तेच तर, नियमच आहे तसा.

नियम हा शब्द नानांच्या तोंडी वेगळ्या वजनानं यायचा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दीपनगरच्या वीजकेंद्रात काढली होती, कंट्रोल रूममध्ये, पाळ्या करत. तिथे लेखी परवानगीशिवाय कोणी एका बटणालाही हात लावायचं नाही, आणि ज्या यंत्रावर माणूस काम करतोय त्यावर लाल पाटी टांगल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवून विमान कंपनीचे लहान मुलांविषयीचे नियम मराठीत सांगायला लावले आणि स्वतः वहीत उतरवून घेतले. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर. जन्मदाखला हवा. दोन तान्ही मुलं शेजारी शेजारी बसवायची नाहीत, दुसरं ज्यानं घेतलंय त्यानं वेगळ्या रांगेत बसायचं. मुलाचा छोटा पट्टा मोठ्याच्या पट्ट्यात ओवायचा. बाबागाडी विमानाच्या शिडीपर्यंत नेता येते. दूध आणि शिजवलेलं खाणं सोबत चालतं. लहान मुलांसोबतच्या प्रवाशांना चढायला आधी बोलावतात.

या शेवटच्या नियमापाशी नाना थबकले. आधी का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, सावकाश बसता यावं, सामान ठेवता यावं म्हणून. ते म्हणाले, आणि जे आधीपासून रांगेत उभे असतील ते? मी म्हटलं, नाना, तेही थांबतात, सगळीकडे असंच असतं. त्यांनी लिहून घेतलं, पण त्यापुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलेलं मला दिसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेले तर नाना लाकडी खुर्चीवर ताठ बसले होते. मांडीवर उशी, उशीभोवती धाकटीचं दुपटं गुंडाळलेलं, समोर स्टुलावर गजराचं घड्याळ. मला पाहून ओशाळले. म्हणाले, पाऊण तास झाला, हात दुखत नाही. मी धाकटीला आणून उशीच्या जागी ठेवलं. थोरला आणि धाकटी यांच्यात फरक चारच मिनिटांचा, पण थोरला दांडगा आणि धाकटी हलकी, म्हणून नानांच्या वाट्याला तीच येणार होती. तिनं आधी त्यांचा चष्मा ओढला. मग शर्टाचं बटण तोंडात घेतलं. नाना इतके निश्चल बसले होते, की फोटो काढायला बसलेल्या माणसासारखे वाटत होते. पण त्यांचा डावा हात तिच्या पाठीवर होता आणि तो थरथरत नव्हता. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. मी बोलून दाखवलं नाही.

निघायच्या दिवशी गाडीनं आम्ही सकाळीच धुळं सोडलं. पारोळा मागे पडलं. एरंडोल जवळ यायला लागलं तसे नाना खिडकीतून बाहेर बघायला लागले. आमच्या गावाला त्याच रस्त्यावरून आत जायचं. पूर्वी तिथे एक फाटा होता, म्हणजे एक लिंबाचं झाड, एक पानटपरी आणि गावाचं नाव लिहिलेला पिवळा दगड. आता रस्ता चौपदरी झालाय, वरून पूल गेलाय आणि फाटा पुलाखाली दबून गेलाय. ना लिंब, ना दगड. गाडी पुलावरून भुर्रकन निघून गेली तेव्हा नाना एवढंच म्हणाले, की इथे उतरायचो आपण.

मला ते उतरणं चांगलं आठवतं. दीपनगरच्या कॉलनीतून आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघायचो. भुसावळला एसटी बदलायची, जळगावला पुन्हा बदलायची. त्या सगळ्या प्रवासात मी नानांच्याच मांडीवर असे. आई खिडकीशी, नाना मध्ये, आणि मी त्यांच्या मांडीवर उभी राहून ड्रायव्हरच्या आरशात बघत असे. ते मला खारे दाणे सोलून द्यायचे, फुफाटा आला की रुमालानं माझं नाक झाकायचे. कॉलनीतही ते मला खांद्यावर घेऊन बाजारात हिंडायचे. पण फाट्यावर बस थांबली, की नाना मला कडेवरून खाली उतरवायचे. उतरवायचे म्हणजे अगदी जमिनीवर पाय टेकवायचे आणि चार पावलं पुढे चालायला लागायचे. तिथून गाव दीड मैल. आई मला कडेवर घ्यायची, नाही तर हात धरून चालवायची. नानांनी एका हातात पिशवी घेतलेली, दुसरा हात मोकळा. गावात असेपर्यंत ते माझ्याकडे नीट बघायचेसुद्धा नाहीत. परत निघालो आणि बसनं फाटा सोडला, की मी पुन्हा त्यांच्या मांडीवर.

लहानपणी मला वाटायचं, मी फाट्यावर काहीतरी चुकीचं करते.

विमानतळावर आम्ही फार लवकर पोचलो. नानांनी जन्मदाखले वेगवेगळ्या पाकिटांत घालून त्यावर थोरला आणि धाकटी असं लिहून ठेवलं होतं, ते त्यांनी काउंटरवर स्वतः दिले. तिथल्या मुलीनं दोन वेगळ्या रांगांतल्या जागा दिल्या, माझी पुढे आणि नानांची बरोबर माझ्या मागे. तपासणीत नाचणीच्या सत्त्वाचा डबा उघडायला लावला. तपासणाऱ्या बाईनं वास घेतला आणि हसून झाकण लावून दिलं. पलीकडच्या लहानशा हॉलमध्ये आम्ही खुर्च्यांवर बसलो, माझ्या मांडीवर थोरला, नानांच्या मांडीवर धाकटी. विमानाला उशीर होता. धाकटी झोपली.

मग मी विचारलंच. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, नाना, तुम्ही मला फाट्यावर खाली का उतरवायचे?

नाना दचकले नाहीत. प्रश्न केव्हातरी येणार हे ठाऊक असल्यासारखे म्हणाले, की आबांसमोर स्वतःच्या पोराला घ्यायची रीत नव्हती. आबा म्हणजे माझे आजोबा. बापाच्या देखत आपलं पोर उचललं तर ते थिल्लरपणाचं समजायचे. पुतण्याला घ्या, भाच्याला घ्या, त्याला कोणाची ना नव्हती. स्वतःच्याला नाही. गावातल्या कोणत्याच कर्त्या माणसानं तसं केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि फाट्यापासून पुढे शेतात कोणी ना कोणी भाऊबंद असायचंच, म्हणून फाट्यावरच खाली.

मी म्हटलं, पण एकदा तुम्ही घरापर्यंत घेऊन गेला होता.

ते मला स्वच्छ आठवत होतं. मी चार-साडेचार वर्षांची असेन. भुसावळपासूनच मला ताप भरला होता. आईला सातवा महिना होता, तिला स्वतःलाच चालणं जड. फाट्यावर नानांनी मला खाली ठेवलं आणि मी मटकन मातीत बसले. त्यांनी दोन वेळा उभं करून पाहिलं. मग एकदम उचललं आणि दीड मैल तसेच चालत गेले. आबा दारापुढे खाटेवर बसले होते, शेजारी आणखी दोघं-तिघं म्हातारे. आम्ही येताना दिसलो तसे आबा उठले. एक शब्द न बोलता पाठ फिरवून मागच्या गोठ्याकडे निघून गेले, आणि त्यांच्यामागे ते म्हातारेही गेले. नानांच्या खांद्यावरून मला आबांची पांढरी पाठ लांब जाताना दिसली. मला वाटलं, आमच्यावर रागावले. पुढे आबा असेपर्यंत मी त्यांच्याशी अंतर ठेवूनच वागले.

नाना म्हणाले, "मलाही तेच वाटलं होतं. खूप वर्षं वाटत होतं."

मग त्यांनी सांगितलं, की आबा गेल्यानंतर दहाव्याला सगळे जमले होते, तेव्हा माझ्या आजीनं विषय काढला. त्या दिवशी ती गोठ्यात शेण काढत होती. आबा आत येऊन दावणीपाशी नुसतेच उभे राहिले. तिनं विचारलं, पोरगा आलाय आणि तुम्ही इकडे काय करताय. तेव्हा आबा म्हणाले होते ते नानांनी मला जसंच्या तसं खान्देशीत सांगितलं:

"मी तठे बशी ऱ्हातू, ते त्यानी पोरले खाले ठी दिधं असतं. ताप शे तिले."

आबा तिथेच बसून राहिले असते, तर नानांनी तापातल्या मला खाली ठेवलं असतं. मी थोरल्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलं. नाना म्हणाले, तू विचारलं नाहीस. आणि मलाही कळलं तेव्हा तू कॉलेजात होतीस, तेव्हा काय सांगणार.

मला आबांचा चेहरासुद्धा नीट आठवेना. मुंडासं आठवत होतं, खाटेखालची पितळी लोटी आठवत होती. त्यांच्याजवळ जाऊन बसायच्या किती सुट्ट्या मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला काढल्या, ते मोजण्यात अर्थ नव्हता. नानांना बहुतेक माझ्या मनातलं कळलं. ते म्हणाले, की आबा दर वेळी विचारायचे, तुझ्यासमोर नाही, तू झोपल्यावर. पोरगी जेवली का म्हणून.

एवढ्यात विमान आल्याचं सांगितलं आणि हॉलमधले सगळे एकदम उठून दाराशी उभे राहिले. मग गणवेशातल्या मुलीनं आधी इंग्रजीत, मग हिंदीत पुकारलं, की लहान मुलांसोबतच्या प्रवाशांनी पुढे यावं. मी उठले. नाना उठले, पण जागचे हलले नाहीत. रांगेतली माणसं त्यांच्याच वयाची, काही तर थोरली. काठी टेकलेले एक बाबा होते, दोन बाया आपापल्या पिशव्या सांभाळत उभ्या होत्या. या सगळ्यांना ओलांडून पुढे जायचं नानांना जड जात होतं. आणि सगळ्यांच्या देखत, कडेवर लेकीची लेक घेऊन. मला ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

ती मुलगी त्यांच्याजवळ आली आणि मराठीत म्हणाली, आजोबा, तुम्ही पहिले. नाना म्हणाले, आम्ही मागून येतो, काही घाई नाही. तेव्हा काठीवाल्या बाबांनीच एक पाऊल बाजूला होऊन वाट करून दिली. "चाला भाऊ," ते म्हणाले, "पोर उठी जाई."

नाना चालायला लागले. दाराबाहेर ऊन रणरणत होतं, विमान थोड्याच अंतरावर उभं होतं, शिडी लावलेलं. वारा सुटला होता. नानांनी धाकटीचं डोकं छातीशी घेतलं, वर दुपट्याची सावली धरली आणि कोणाकडे न बघता सरळ चालत राहिले. मी बाबागाडी ढकलत मागे होते. शिडीपाशी गाडी मिटवायची होती आणि मला ती एका हातानं मिटेना, तर मागून आलेल्या एका तरुण प्रवाशानं मिटवून दिली. नाना तोवर पाच पायऱ्या चढले होते. त्यांना आधार द्यायला वरून हवाई सुंदरी पुढे झाली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि चढले.

आत तिनं नानांना छोटा पट्टा कसा ओवायचा ते दाखवलं. नानांनी तो काढून पुन्हा स्वतः ओवला आणि हिसका देऊन पाहिला. त्यांच्या शेजारी जळगावचे एक मारवाडी कापडव्यापारी होते. ते म्हणाले, मी बाजूला होऊ का, तुम्हाला ऐसपैस होईल. नाना म्हणाले, नको, जागा ठरलेली आहे.

विमान उडताना थोरला माझ्या कुशीत दूध पीत राहिला, पण धाकटीला जाग आली आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. पट्ट्यांचा दिवा लागलेला, मला उठायची परवानगी नव्हती. वळून बघावं तर खुर्चीची पाठ आड येत होती. फटीतून फक्त नानांचा गुडघा आणि तिचा एक पाय दिसत होता. ती रडत होती आणि मी मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून समोर बघत बसले होते. आपलं मूल हाताच्या अंतरावर रडतंय आणि घेता येत नाही, हे काय असतं ते त्याआधी मला माहीत नव्हतं.

मग मागून नानांचा आवाज आला. हळू, एकसुरी. घरात आमच्याशी ते नेहमी शाळेतली मराठी बोलायचे. आमची भाषा सुधारावी म्हणून त्यांनीच तसं ठरवलं होतं. खान्देशी ते फक्त गावी बोलायचे. आता ते धाकटीशी खान्देशीत बोलत होते.

"उगी ऱ्हाय माय, उगी ऱ्हाय. ती देख दीपनगरनी चिमणी. तठेच तुनी माय मोठी व्हयनी."

मी खिडकीतून पाहिलं. केळीच्या बागांचे हिरवे चौकोन, तापीचा पट्टा, आणि फार लांब धुरकट काहीतरी उभं. ती खरंच दीपनगरची चिमणी होती का, मला सांगता येणार नाही. नाना पुढे बरंच काही सांगत होते. कॉलनीतल्या क्वार्टरचं अंगण, तिथलं शेवग्याचं झाड, पाळी संपल्याचा भोंगा, बोदवडच्या मावशीकडे जाताना मी रेल्वेत केलेला हट्ट. इंजिनाच्या घरघरीत अर्धं ऐकू येत नव्हतं. रडणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही, कारण मीही ऐकत बसले होते. कापडव्यापारी मध्येच काही विचारायचे आणि नाना त्यांनाही सांगायचे.

हैदराबादला सगळे उतरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. चढताना आधी, उतरताना शेवटी, असं नानांनी स्वतःच ठरवून टाकलं. बाहेर नवरा उभा होता. त्यानं थोरल्याला माझ्याकडून घेतलं आणि धाकटीला घ्यायला दुसरा हात पुढे केला. नाना म्हणाले, असू द्या, झोपलीय. घरापर्यंत त्यांनीच आणली. घरी तिला गादीवर ठेवल्यावर त्यांना डावा हात कोपरात सरळ करता येईना. मी तेल कोमट करून आणलं. ते म्हणाले, आईला फोन कर आणि सांग, काही झालं नाही.

नाना येणार होते चार दिवसांसाठी, राहिले जवळजवळ महिनाभर. आईच्या हाताचं प्लास्टर निघायच्या वेळी मात्र ते थांबले नाहीत. रेल्वेनं भुसावळमार्गे एकटेच परत गेले.

या गोष्टीला आता अडीच वर्षं होत आली. मधल्या काळात आम्ही त्याच विमानानं आणखी दोनदा ये-जा केली, दोन्ही वेळा नाना न्यायला आले, आणि प्रत्येक वेळी धाकटी त्यांच्याच मांडीवर. गेल्या दिवाळीच्या आधी तिकीट काढताना जन्मतारखा भरल्या, तर मुलांच्या नावापुढे स्वतंत्र जागा आल्या. दोन वर्षं पूर्ण झाली की मांडीवर बसवता येत नाही. मी नानांना फोनवर सांगितलं. त्यांनी मला जन्मतारीख पुन्हा विचारली. मग म्हणाले, बरोबर आहे, नियम आहे. तरी काउंटरवर त्यांनी तिथल्या मुलीला विचारलंच, की पोरगी आपणहून म्हणाली तर. मुलगी म्हणाली, नाही आजोबा, आता ती मोठी झाली.

धाकटी खिडकीशी बसली. तिला समोरचं टेबल उघडायचं आणि मिटायचं होतं, पुन्हा उघडायचं होतं. नाना तिच्या शेजारी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. उड्डाण झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. ते तिच्याकडे वाकून सांगत होते, की झोप आली तर सांग. ती म्हणाली, नाही आली.